समोर धूळ

ते गाणं सापडलं जावयानं दिलेल्या फोनवर,
रात्री साडेअकराला, नांदेडच्या घरात.
स्वच्छ. धुतलेलं. बिगूल वेगळा, ढोल वेगळा,
गाणारीनं श्वास कुठं घेतला तेही कळावं, इतकं.
आणि तरी दुसऱ्या कडव्याआधी मी थांबलो,
जिथं खोकला यायला पाहिजे होता.

आला नाही.

आमच्या वसमतला ते गाणं खोकल्यासकटच होतं.
खय्यूमभाईंनी रेडिओसमोर टेप ठेवून भरलेलं,
दार लावून, बायकोला भांडी वाजवू नको सांगून,
आणि खोकले स्वतःच.
पुन्हा भरायचं तर गाणं पुन्हा लागायला पाहिजे ना.
मग पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी,
आणि आमच्याकडचा वरचा एक, सतरा सप्टेंबर,
टाकीच्या मैदानात पहाटे पाचपासून
लिंबाला बांधलेले दोन भोंगे:
बिगूल, कडवं, खोकला, कडवं.
आम्ही पोरं कवायतीत त्या जागी
ठसकून खोकायचो, दोनशे जणं एका तालात.
डोईफोडे सरांनी छड्या दिल्या.
पुढच्या वर्षी सरच जरा आधी खोकले.

फोननं आणखी एक दाखवलं.
ओळ 'पुढे पाऊल, समरधून' अशी आहे.
मी आयुष्यभर 'समोर धूळ' म्हणत आलो,
मुलीला पाळण्यातही तेच म्हटलं.
चूक तरी कशी म्हणू?
मैदानाला लागून हळदीच्या पोत्यांच्या गाड्या जायच्या,
पावसानं दडी मारलेला ऑगस्ट असला
की पाय आपटल्यावर पिवळी धूळ उठायची
आणि पुढच्या रांगेतला सुंदर कऱ्हाळे
गुडघ्याखाली दिसायचाच नाही.

हाच सुंदर त्या गाण्यापायी भरतीला गेला.
उपाशीपोटी धावला, पहिला आला,
आणि डॉक्टरनं ओल्या पायाचा ठसा बघून
परत पाठवला. तळवे सपाट.
"देशाला पायात खड्डा लागतो बाबा," म्हणायचा,
हसायचा,
आणि झेंड्याच्या दिवशी रानात जाऊन बसायचा.

रविवारी एसटीनं वसमत गाठलं.
साउंड सर्व्हिस होती तिथं आता
त्यांचा मुजम्मिल मोबाइलची कव्हरं विकतो.
"काय शोधायलात काका?"
खोकला, असं कसं सांगू. गाणं, म्हणालो.
माळ्यावरून खोकं निघालं, खोक्यातून पाल,
पालीखाली कॅसेट, वर उर्दूत काहीतरी.
"झंडेवाली," त्यानं वाचलं.
शेजारच्या शिंप्याकडं टेप होता, एक झाकण नसलेला.

बिगूल घोगरा. ढोल पत्र्याचा.
समोर धूळ, अगदी स्पष्ट धूळ.
मग खोकला.
आणि खोकल्याच्या पाठीमागं, भोंग्यांनी कधीच न ऐकवलेलं,
हळू, कुणाला तरी थोपटत:
चुप रे बेटा, हो गया, हो गया बस.

गिऱ्हाईक विचारत होतं, काळं कव्हर आहे का.
"आहे," मुजम्मिल म्हणाला, आणि दिलं नाही.
अब्बा गेले तेव्हा तो पाचवीत होता.
फोटो दोन होते. आवाज नव्हता.
"मागं घ्या," शिंप्याला म्हणाला.

शिंप्यानं मागं घेतलं. पुन्हा मागं.
पाच-सहा वेळा अख्खी फौज वाजतगाजत तिथवर आली,
खोकली, एका लेकराला गप्प करून
परत फिरली.
पुढचं कडवं कुणीच मागितलं नाही.

मग मी सुंदरला फोन लावला,
काही न बोलता टेपसमोर धरला.
पलीकडं रानातला वारा. पंपाची घरघर.
वाटलं, ठेवला यानं.
आणि बरोबर त्या जागी, तालात,
तो खोकला.

शिंप्याला यातलं काहीच माहीत नाही.
तो फोनकडं वाकून विचारायला लागला,
पाणी देऊ का.